बॉल पायथनचं पिल्लू पहिल्यांदाच घरी आणताय? आधी टँक, मग साप

आधीच सांगते, बॉल पायथन म्हणजे अजगराच्या कुळातला छोटा आफ्रिकी साप, आणि त्याच्याबद्दलचं हे सगळं मी अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी लिहितेय. भारतात बसून वाचत असाल तर खुशाल वाचा पण घरी करायला जाऊ नका, कारण आपला तिकडचा अजगर, उसात नाहीतर विहिरीत सापडतो तो, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या शेड्यूलमधे आहे, पाळणं सोडाच, नुसता पकडून घरात ठेवला तरी गुन्हा आहे आणि ३ ते ७ वर्षं आत जायची वेळ येऊ शकते. "मी तर परदेशी बॉल पायथन घेतोय, त्याला कुठे कायदा" असं म्हणणारे पण भेटतात, तर तो पण आता कायद्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीत साइटीस या वन्यप्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी आत घेतले आणि २०२४ पासून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. कोणी इन्स्टावर बिनकागदाचा साप विकत असेल तर त्याच्या नादाला लागू नका.

इथे अमेरिकेत बॉल पायथन बहुतेक राज्यांत चालतो, पण आपल्या राज्याचा आणि गावाचा नियम स्वतः बघा, दुकानदार सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. हवाईत कुठलाही साप पाळायला बंदी आहे, दंड २ लाख डॉलरपर्यंत जातो. न्यूयॉर्क सिटीत पायथन चालत नाही. काही ठिकाणी परमिट लागतं. भाड्याच्या घरात असाल तर लीज नीट वाचा, "पेट्स ओके" म्हणजे कुत्रा-मांजर असतं बहुतेक वेळा. आणि बर्मीज पायथन वगैरे मोठ्या जातींच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये, लोकांनी हौसेने आणले, मोठे झाल्यावर सोडून दिले, फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीत ते बेसुमार वाढले आणि तिथले प्राणी खाऊन संपवतायत.

तर बॉल पायथन. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, घाना-टोगो-बेनिन या पट्ट्यातून पाळीव बाजारात आला. बेनिनमधे विदा नावाच्या गावात पायथनचं देऊळ आहे, तिथे हेच साप असतात, रात्री गावात फिरायला निघतात आणि कोणाच्या घरात शिरले तर लोक अलगद उचलून परत देवळात नेऊन सोडतात. नागपंचमीवाल्या आपल्या लोकांना हे ऐकून बरं वाटतं. ब्रिटनमधे याला रॉयल पायथन म्हणतात. नर साधारण ३ ते ४ फूट, मादी ४ ते ५, विष नाही, घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचं गोल वेटोळं करून बसतो, चावण्यापेक्षा लपण्याकडे कल. म्हणूनच पहिला साप म्हणून हा बरा.

पण आयुष्य! २०-३० वर्षं अगदी सहज. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा ती साठीच्या पुढे होती असा तिथल्यांचा अंदाज आहे, १९६१ मधे कोणीतरी आणून दिली होती आणि कित्येक वर्षं नराशी गाठसुद्धा नव्हती. म्हणजे तुमचा बारा वर्षांचा मुलगा हट्ट करत असेल तर तो सहा वर्षांत कॉलेजला जाणार, डॉर्ममधे साप नेता येत नाही, साप तुमच्याकडे राहणार. हे पटत असेल तरच पुढे वाचा.

विकत घेताना एकच गोष्ट धरून ठेवा, कॅप्टिव्ह ब्रेड पाहिजे, म्हणजे इथेच जन्मलेलं. आफ्रिकेतून अंडी किंवा नुकती फुटलेली पिल्लं आणून विकतात ती स्वस्त असतात पण परजीवी, गोचिड्या आणि खायचे नखरे फुकट येतात. ब्रीडरला, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याला विचारा, किती वेळा खाल्लंय, शेवटचं कधी खाल्लं, उंदीर (छोटा, माऊस) खातं का रॅट (मोठ्या जातीचा उंदीर), जिवंत का फ्रोझन, वजन किती. जो माणूस या प्रश्नांवर वैतागतो त्याच्याकडून घेऊ नका, चांगल्या ब्रीडरकडे हे सगळं लिहिलेलंच असतं. चार-पाच वेळा फ्रोझन खाल्लेलं पिल्लू मिळालं तर तुमची निम्मी डोकेदुखी तिथेच गेली. रंगाच्या मागे लागू नका पहिल्यांदा, साधं तपकिरी-काळं नॉर्मल पिल्लू ५०-१०० डॉलरच्या आसपास मिळतं आणि दिसायला सुंदरच असतं. स्पायडर नावाचं मॉर्फ, म्हणजे रंगाचा प्रकार, मात्र टाळा, त्या जीनबरोबर तोल सांभाळण्याचा दोष येतो, डोकं डुगडुगतं, कधी उलटं वळतं, खाताना नेम चुकतो. दिसायला भारी म्हणून आजारी प्राणी का आणायचा?

आता मुद्द्याचं. साप आणायच्या आधी किमान आठवडाभर टँक रिकामा चालवून बघायचा. साप शनिवारी आणला आणि रविवारी हीटर शोधत फिरतोय असं करू नका, पिल्लू ५०-८० ग्रॅमचं असतं हो, त्याच्याकडे चुका सहन करायला अंगात काही नसतं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तापमान आणि दमटपणा एका कागदावर लिहा, आकडे जागेवर थांबले की मग साप.

पिल्लाला २० गॅलनचा लांबट टँक पुरतो, मोठेपणी ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच असा लागेल. काही जण थेट मोठाच घेतात आणि तो चालतोही, फक्त मोकळा ठेवू नका. लोक म्हणतात लहान पिल्लू मोठ्या टँकमधे घाबरतं, तर ते मोठ्याला घाबरत नाही, मोकळ्याला घाबरतं. खोटी पानं, कॉर्कची सालं, पुठ्ठ्याच्या नळ्या, काय वाट्टेल ते भरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला उघड्यावर न येता जाता आलं पाहिजे. लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, आणि दोन्ही शक्यतो सारख्याच, नाहीतर त्याला आवडलेली जागा थंड बाजूला असली की ते ऊब सोडून तिथेच बसून राहतं आणि मग खाल्लेलं पचत नाही. हाइड, म्हणजे ही लपायची जागा, एवढंच असावं की वेटोळं केल्यावर अंग चारी बाजूंनी टेकलं पाहिजे. दुकानात मिळणारी मोठी अर्धी लाकडी गुहा, दोन्हीकडून उघडी, ती शोभेला ठीक. उलटा केलेला काळा प्लास्टिकचा डबा, कडेला दाराएवढं भोक पाडून कडा घासून घेतलेला, त्यापेक्षा हजारपट चांगला.

उष्णतेवर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. सापाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही, त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि नको झाली की लांब जाता यावं लागतं. म्हणून टँकची एक बाजू गरम, ८८ ते ९२ फॅरेनहाइट म्हणजे ३१ ते ३३ सेल्सिअस, आणि दुसरी थंड, ७५ ते ८० म्हणजे २४ ते २७. रात्री थोडं कमी चालतं पण ७५ च्या फार खाली नको. हीट मॅट खालून लावा, सिरॅमिक बल्ब वरून लावा, काहीही लावा, थर्मोस्टॅट पाहिजेच पाहिजे. थर्मोस्टॅट नसलेला मॅट म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. नुसता मॅट १२० फॅरेनहाइटच्या वर जाऊ शकतो आणि सापाला पोटाखालचं भाजणं वेळेवर कळत नाही, ते तिथेच बसून राहतं, तुम्हाला कळतं तेव्हा पोटाचे खवले तपकिरी झालेले असतात. मॅटला लावायचा थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, मॅट आणि काच यांच्या मधे चिकटवा, आत मोकळा सोडू नका, सापाने ढकलला किंवा त्यावर शी केली की आकडा चुकीचा येतो. आणि एक स्वस्तातली टेम्परेचर गन घ्या, हाइडच्या आतली जमीन मोजायला, कारण काचेवर चिकटवायचे ते गोल काट्याचे मीटर निव्वळ शोभेचे असतात.

मिशिगनच्या थंडीत आमच्या घराचा थर्मोस्टॅट ६८ वर असतो, तेव्हा खालच्या मॅटने जमीन तापते पण हवा गार राहते, श्वास गार हवेचाच घ्यायचा असतो पिल्लाला. त्यामुळे थंड राज्यांत वरून पण काहीतरी लागतं, सिरॅमिक हीट एमिटर किंवा डीप हीट प्रोजेक्टर, दोन्ही उजेड न देता ऊब देणारे, त्याला वेगळा थर्मोस्टॅट, बाहेरून जाळीचा पिंजरा. लाल बल्ब लावू नका, तो प्रकाश त्यांना दिसतो. गरम दगड म्हणून एक वस्तू विकतात ती तर हातातही घेऊ नका. दिवसा १२ तास साधा उजेड, रात्री अंधार, एवढं बास.

दमटपणा ६० ते ७० टक्के. हिवाळ्यात फर्नेस चालू असला की घरातली हवा २०-३० टक्क्यांवर येते, आपले ओठ फुटतात तशी यांची कात अडकते. वरची जाळी तीन चतुर्थांश झाकून टाका, ॲल्युमिनियमची डक्ट टेप छान बसते पण बाहेरच्या बाजूने, टेपचा चिकट भाग आतल्या बाजूला कधीच येऊ देऊ नका, सापाला चिकटली तर सोडवताना कातडी निघते. दिवसातून दहा वेळा स्प्रे मारणारे असतात, त्याने वरचं ओलं होतं आणि तासाभरात वाळतं. त्यापेक्षा नारळाच्या सालींचे तुकडे तीन-चार इंच जाड अंथरा आणि आठवड्यातून एकदा चारी कोपऱ्यात पाणी ओता, खालचा थर ओला, वरचा कोरडा, आकडा आपोआप धरतो. सीडार आणि पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलाचा त्रास होतो. पहिला महिनाभर मात्र नुसता पेपर टॉवेल, कारण शी कशी आहे, गोचिड्या आहेत का ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. त्या महिन्यात दमटपणासाठी एका झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलं मॉस भरून ठेवा. पाण्याचं भांडं जड पाहिजे, उलटणार नाही असं, पाणी दोन दिवसांनी बदला. आणि नाही, दूध नाही. भारतातून कोणी ना कोणी विचारतंच, त्यांना प्रेमाने सांगायचं की सापाला दूध पचत नाही, तहानलेला असतो म्हणून पितो.

पिल्लू घरी आलं. आता सगळ्यात अवघड काम, काहीही न करणं. टँकमधे सोडा, झाकण लावा, क्लिपा लावा आणि सात ते दहा दिवस हात लावू नका. पाणी बदलायला हात आत गेला तर गेला, बाकी नाही. फोटो नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही, "जिवंत आहे ना बघू" म्हणून हाइड उचलणं तर अजिबात नाही. पिल्लू दिवसभर लपून राहील, दिसणारच नाही, तुम्हाला वाटेल पैसे वाया गेले. तेच बरोबर आहे. दिवसा बाहेर फिरणारं, सतत काचेवर नाक घासणारं पिल्लू दिसलं तर काहीतरी बिनसलंय, तापमान बघा, हाइड बघा.

आठवडा-दहा दिवसांनी पहिलं खाणं, आणि आता आपल्या घरांतला मोठा प्रश्न. हा साप उंदीरच खातो. चिकनचे तुकडे नाही, अंडी नाही, पनीर तर नाहीच. अख्खा उंदीर, हाडांसकट, त्यातूनच त्याला कॅल्शियम आणि बाकी सगळं मिळतं, वरून पावडर टाकायची गरज नाही. हे गोठवलेले मेलेले उंदीर पाकिटातून मिळतात आणि ते फ्रीजरमधे ठेवावे लागतात. घरात सासूबाई येऊन राहणार असतील, किंवा घर शाकाहारी असेल, तर ही चर्चा साप आणायच्या आधी करा, नंतर खवलेल्या नारळाच्या पाकिटामागे पिंकी, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या, उंदरांचं पाकीट सापडल्यावर नाही. तसंही सीडीसी, अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, सांगते की हे अन्नाबरोबर ठेवू नका कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू गोठवल्याने मरत नाही. गॅरेजमधे छोटा फ्रीजर ठेवा, शंभर-सव्वाशे डॉलरमधे घरात शांतता.

किती द्यायचं? पिल्लाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, दर सात दिवसांनी. ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचा. म्हणून वजनकाटा हवाच, ग्रॅममधे दाखवणारा किचनचा डिजिटल चालतो, फक्त सापाचा वेगळा, पोहे मोजायचा तो नाही. डोळ्याने बघायचं तर उंदराची जाडी सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, थोडी जास्त चालेल. वजन ३०० ग्रॅमच्या आसपास गेलं की दहा-बारा दिवसांनी आणि टक्केवारी कमी, मोठा झाला की तीन-चार आठवड्यांनीसुद्धा चालतं. जमलं तर लहानपणीच रॅटच्या पिल्लांवर न्या, कारण मोठेपणी एका वेळी एक रॅट पुरतो, उंदीर मग तीन-तीन लागतात आणि काहींना सवय लागली की रॅटकडे बघत पण नाहीत.

वितळवायची पद्धत. आदल्या रात्री झिपच्या पिशवीत घालून अन्न नसलेल्या फ्रीजमधे खाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात वीस मिनिटं, भांडं यासाठी वेगळंच ठेवलेलं. मायक्रोवेव्ह नाही, म्हणजे नाहीच, आतून शिजतो आणि फुटतो, सविस्तर सांगत नाही. पोट दाबून बघा, मधे बर्फ लागता कामा नये. मग डोक्याकडचा भाग हेअर ड्रायरने थोडा तापवा, हाताला स्पष्ट गरम लागला पाहिजे, १०० फॅरेनहाइटच्या आसपास. यामागे कारण आहे, पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खड्ड्यांची ओळ असते, नीट बघितलं तर दिसते, त्या खड्ड्यांनी त्याला उष्णता कळते. अंधारात त्याच्यासाठी गरम डोकं म्हणजे जिवंत उंदीर. गार उंदीर पुढे धरला तर ते नुसती जीभ फिरवून परत आत जातं आणि आपल्याला वाटतं उपाशी मरणार.

दिवे मंद करा, लांब चिमटा घ्या, बारा इंचाचा तरी, उंदराला मागून कमरेपाशी धरा, हाइडच्या दारापासून दोन-तीन इंचावर, आणि जास्त नाचवू नका. आधी नाकाचं टोक बाहेर येतं. मग जीभ, आधी भराभर, मग हळू. मान मागे जाऊन इंग्रजी एस होते आणि मग तुम्हाला काही दिसायच्या आत उंदीर चिमट्यातून गेलेला असतो आणि त्याभोवती दोन वेटोळी पडलेली असतात, इतकं छोटं पिल्लू पण आवळतं अगदी खऱ्या अजगरासारखं. आता चिमटा मागे, झाकण हळूच बंद, हलू नका. ते बराच वेळ नुसतं धरून बसेल, मग सोडून डोक्याची बाजू शोधत फिरेल, कधी चुकून मागच्या पायाकडून सुरू करेल, करू दे, मदत करायला जाऊ नका. गिळून झालं की दोन-तीन जांभया देतं, तो जबडा जागेवर बसवत असतो. त्यानंतर ४८ तास हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकेल आणि ओकणं हे पिल्लाला फार महागात पडतं. ओकलंच तर दहा-पंधरा दिवस काही द्यायचं नाही, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्यायचं, आणि परत ओकलं तर डॉक्टर.

खायला वेगळ्या डब्यात नेतात काही जण, हात दिसला की चावायची सवय लागू नये म्हणून. मला यात काही तथ्य वाटत नाही, उलट खाल्ल्यावर परत उचलून ठेवताना चावतं. जिवंत उंदीर तर देऊच नका, उंदीर पण चावतो, भुकेला नसलेल्या सापाजवळ रात्रभर जिवंत रॅट सोडला तर पाठ कुरतडून ठेवतो, असे फोटो एकदा बघितले की परत विषय निघत नाही.

आता नाही खाल्लं तर? बॉल पायथनची ही जुनी खोड आहे, उपास. आपल्याकडच्या चतुर्मासापेक्षा लांब चालतात, मोठे साप हिवाळ्यात चार-सहा महिने खात नाहीत आणि वजन जेमतेम घटतं. पिल्लाच्या बाबतीत जरा लक्ष द्यायचं. नाही घेतलं तर उंदीर हाइडच्या तोंडाशी ठेवा, टँकवर चादर टाका, झोपायला जा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या, परत गोठवायचा नाही. मग सात दिवस थांबा, खरंच सात, दुसऱ्याच दिवशी परत पुढे नाचवलं तर ते अजून बिचकतं. त्या सात दिवसांत तापमान तपासा, कात टाकायच्या बेतात आहे का बघा, ब्रीडर नेमकं काय द्यायचा ते विचारा, उंदीर देत असेल आणि तुम्ही रॅट देताय तर कारण सापडलं. वजन दर आठवड्याला लिहा. सुरुवातीच्या वजनाच्या १० टक्के घटलं तर डॉक्टरकडे न्यायचं, त्याआधी घाबरायचं नाही. जबरदस्तीने तोंडात कोंबणं वगैरे व्हिडिओ बघून करायला जाऊ नका.

कात. पिल्लं साधारण महिना-दीड महिन्यात एकदा टाकतात. आधी पोट गुलाबी होतं, मग रंग मळकट, मग डोळे निळसर-पांढरे, त्या वेळी त्याला नीट दिसत नाही, चिडकं असतं, खायला देऊ नका, हात लावू नका, दमटपणा ७० च्या वर न्या. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि आपल्याला वाटतं झालं, पण कात त्यानंतर तीन-चार दिवसांनी निघते. अख्खी एका तुकड्यात निघाली पाहिजे, तोंडापासून शेपटीपर्यंत उलट्या मोज्यागत. ती उचलून उजेडात धरा, दोन्ही डोळ्यांच्या जागी गोल पारदर्शक चकत्या दिसल्या पाहिजेत आणि शेपटीचं टोक बंद पाहिजे. टोकाला कात राहून गेली तर रक्त अडतं आणि शेपटीचा शेंडा वाळून पडू शकतो. तुकडे राहिले तर ओढायचे नाहीत, डब्यात कोमट ओला टॉवेल घालून, भोकं पाडून, अर्धा तास त्यात ठेवा, टॉवेलमधून फिरताना आपोआप सुटतं. डोळ्यावरची चकती राहिली तर चिमट्याने, नखाने काही करू नका, पुढच्या कातीला बहुतेक निघते, नाही निघाली तर डॉक्टर काढतो.

हाताळायला कधी सुरुवात? लागोपाठ तीन वेळा नीट खाल्लं की. वरून झडप घालून उचलू नका, निसर्गात वरून येतो तो घार नाहीतर घुबड. बाजूने हात, मधल्या भागाखाली, आधी पेपर टॉवेलच्या नळीने अंगाला हलकं टेकवा म्हणजे त्याला कळतं की जेवण नाही, माणूस आहे. पहिल्यांदा पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, हळूहळू पंधरा-वीस. मान एस करून रोखून बघत असेल तर त्या दिवशी राहू दे. चावलं तर खरचटल्याएवढं रक्त येतं, साबणाने धुवा. धरून राहिलं तर हात मागे ओढू नका, दात आतल्या बाजूला वळलेले असतात, आपलीही कातडी फाटते आणि त्याचेही दात तुटतात, नळाखाली गार पाणी सोडा, सोडतं.

हात धुणं, आधी आणि नंतर, यात सूट नाही. साल्मोनेला बरेच सरपटणारे प्राणी अंगावर बाळगतात, दिसायला ठणठणीत असले तरी. पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढचे आजी-आजोबा, केमो वगैरे चालू असलेलं कोणी घरात असेल तर साप आणूच नका असं सीडीसीचं म्हणणं आहे, आणि भारतातून आई-बाबा सहा महिने येणार असतील तर हे धरा हिशोबात. पाण्याचं भांडं किचनच्या सिंकमधे घासायचं नाही, टँकही नाही. गणपतीला घरी पंचवीस माणसं आली की प्रत्येकाला साप बघायचा असतो, निम्म्यांना हातात घेऊन फोटो पाहिजे असतो, आमचा साप, लाडू, त्या दिवशी वरच्या खोलीत कुलुपात असतो आणि मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही.

आजारपणाची लक्षणं थोडक्यात. श्वास घेताना शिट्टी किंवा बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर करून बसणं, ओठावर फेस, हे फुप्फुसाचं इन्फेक्शन, घरगुती उपाय नाही, लगेच डॉक्टर. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहणं आणि पाण्यात काळे ठिपके, म्हणजे माइट्स, रक्त पिणारे बारीक किडे. पोटावरचे खवले लाल-तपकिरी, म्हणजे बेडिंग फार ओलं आहे किंवा भाजलंय. शीमधे पांढरा खडूसारखा भाग असतो तो मात्र नॉर्मल, ती त्यांची लघवी. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बहुतेक सापाला हात लावत नाहीत, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर, त्यांच्या एआरएव्ही या संघटनेच्या साइटवर जवळचे शोधता येतात, आजारी पडायच्या आधी नंबर काढून ठेवा.

आणि पळणं. साप नाकाने झाकण ढकलत राहतात, रात्रभर, कंटाळत नाहीत. चारी कोपऱ्यांना क्लिपा. पळालाच तर त्या खोलीचं दार बंद करा, दाराखाली टॉवेल, बहुतेक वेळा ते त्याच खोलीत उबदार अंधाऱ्या फटीत सापडतं, पुस्तकांच्या मागे, फ्रीजच्या मोटरपाशी, सोफ्याच्या आत. रात्री जमिनीवर भिंतीच्या कडेने मैद्याची पातळ रेघ मारून ठेवा, सकाळी माग दिसतो.

शेवटचं, इंडिया ट्रिप. तीन-चार आठवडे घर बंद, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पहिल्या वर्षात तरी कोणीतरी येऊन बघणारं पाहिजे. निघायच्या चार-पाच दिवस आधी खायला घाला, म्हणजे पचलेलं असेल आणि काही झालंच तर तुम्ही घरी असाल. दोन-तीन आठवडे खाणं चुकलं तर तब्येतीत असलेल्या पिल्लाला काही होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याला उंदीर वितळवायला लावू नका, पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही. त्याला एवढंच सांगा, तीन दिवसांनी पाणी बदल, थर्मोस्टॅटवरचा आकडा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, हाइड उचलू नकोस, साप दिसला नाही तर ठीक आहे. हिवाळ्यात जात असाल तर वीज गेल्यावर काय करायचं ते कागदावर लिहून टँकला चिकटवा, उशीच्या अभ्र्यात साप, अभ्र्याला घट्ट गाठ, थर्मोकोलच्या भोकं पाडलेल्या खोक्यात तो अभ्रा आणि शेजारी टॉवेलमधे गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, थेट अंगाला लागणार नाही अशी. आणि घराची किल्ली देताना टँकच्या क्लिपा कशा उघडतात आणि कशा परत लावतात हे त्याच्याकडून एकदा स्वतःसमोर करून घ्या.